कोंडवाड्यातली विमानं

दिवाळीची सुटी संपवून मी नांदुऱ्याहून, भावाकडून, परत निघाले होते. खामगावच्या स्टँडवर चिखलीची गाडी लागलेली होती. हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत यमुनेनं सांगितलेल्या वस्तू होत्या : पतंगाचा कागद, सायकलच्या जुन्या ट्यूबची कापलेली रबरं आणि बारीक तार. बाजारात जाताना मी यादी करते आणि वस्तू मिळाली की तिच्यावर काट मारते, ही माझी लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी सगळ्या वस्तूंवर काट मारून झाली होती. गाडीत चढताना कंडक्टरनं मला ओळखलं. त्यानं मला पुढची जागा करून दिली, आपण उभाच राहिला आणि खाली वाकून म्हणाला, "बाई, तुमाले कोणी निरोप नाई देल्ला का? तुमच्या संगतच्या यमुनाबाई काल गेल्या..." दुपारी ती शाळेच्या पडवीत बसली होती, छातीत कळ आली, आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. हे सगळं त्यानं सांगितलं आणि मी ऐकलं. गाडी अमडापूरपर्यंत येईतो मी पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. कागदाला घडी पडली तर यमुना ओरडते, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

त्याला आता काही आठवडे झाले. रडून झालं आहे. हे लिहायला बसले ते त्यासाठी नाही. आमच्या गावात यमुनेची एक खोली आहे आणि ती रिकामी करून घ्यायचं चाललं आहे. ती मी देणार नाही. का देणार नाही, हे नीट क्रमानं सांगायचं तर यमुना कोण होती तिथूनच सुरुवात करावी लागेल.

यमुना धामणगाव बढ्याची, शेतकऱ्याची लेक. लग्न झालं आणि वर्षाच्या आत नवरा गेला. ती तेव्हा इतकी लहान होती की त्याचा चेहराही तिला आठवत नसे. भावानं तिला घरात कोंडून न ठेवता शिकवलं, तिचं ट्रेनिंग झालं आणि ती आमच्या गावच्या प्राथमिक शाळेत आली. मी तिच्या आधीपासून तिथं होते. मी लग्न केलेलं नाही. एकट्या बाईला खोली द्यायला गावात कोणी तयार नसे, म्हणून दोघींनी मिळून दोन खोल्या घेतल्या. सोय म्हणून घेतलेल्या त्या खोल्यांमध्ये पुढची सारी वर्षं गेली. या काळात आमचा मुलूख मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तिथून महाराष्ट्रात आला. दर वेळी शाळेच्या पाटीवर नवा रंग चढला, आणि कौलं मात्र होती त्याच जागी गळत राहिली.

ती देवमाणूस होती, असं मी म्हणणार नाही. शोकसभेत ते सगळ्यांनी म्हणून घेतलं आहे. ती तापट होती. कात्री नेली की जागेवर आणून ठेवत नसे. केसांत भुसा घेऊन जेवायला बसे. दुधाच्या पातेल्यात रात्री कागद चिकटवायची खळ शिजवून ठेवी, आणि सकाळी चहाला पातेलं उचलावं तर तळाशी हे घट्ट बसलेलं! "यमुने, हे पातेलं कशाचं आहे?" असं विचारलं की म्हणे, "रिकामं होतं वं! रिकामं भांडं पाह्यलं की मले राहवत नाई." मी जागच्या जागी वस्तू ठेवणारी आणि ही अशी. आमचं पटलं कसं, असं लोक विचारत. आमचं पटत नव्हतंच. आम्ही रोज भांडत होतो आणि रोज एका ताटात भाकरी मोडत होतो.

महाराष्ट्र होऊन वर्षही झालं नव्हतं, तेव्हा रशियाचा एक माणूस पृथ्वीभोवती फिरून आल्याची बातमी आली. आमच्याकडे पेपर शिळा यायचा, पण बातमी ताजीच वाटली. यमुनेकडे चौथीचा वर्ग होता. एका पोरानं उभं राहून विचारलं, "बाई, थो पडला काऊन नाई?" दुसऱ्या कुणी शिक्षकानं विज्ञानाच्या प्रगतीवर चार वाक्यं सांगून पोराला खाली बसवलं असतं. यमुना म्हणाली, "मले माहीत नाई बे. पन आपल्या हातातली वस्तू काऊन पडते, थे तं पाहता येते. उद्या ज्वारीचे धांडे आणा."

आमच्याकडची पोरं ज्वारीच्या धांड्यांच्या, म्हणजे वाळल्या ताटांच्या, बंड्या, म्हणजे खेळातल्या बैलगाड्या, करतातच. वरची कडक साल सोलायची, आतला भेंडासारखा हलका गाभा तोडायचा आणि बाभळीच्या काट्यांनी तुकडे एकमेकांत टोचायचे. यमुनेनं त्याच सामानातून विमानं करायला सांगितली. गाभ्याचं अंग, सालीच्या कामट्यांवर पतंगाचा कागद ताणून केलेले पंख, तसंच शेपूट. नमुना दिला नाही. आधी दोन दिवस पोरांना शाळेमागच्या माळावर नेऊन घार दाखवली, ती पंख न हलवता कशी फिरते ते बघायला लावलं, आणि मग "करा आता" म्हणून मोकळी झाली.

पोरांनी काय केलं? बंड्याच केल्या! एकानं तर विमानाला जू लावलं. विमानं कशी फेकायची हेही कुणाला ठाऊक नव्हतं. बहुतेकांची नाकं वर झाली, विमान जागच्या जागी उभं राहिलं आणि शेपटावर पडलं. वर्ग हसून लोळला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "बाई, उलाळ झालं!" बैलगाडीत मागं जास्त ओझं भरलं की धुरा वर उचलते आणि बैलांच्या मानेला फास बसतो, तिला आपण उलाळ म्हणतो. पुढं जास्त भरलं की सगळं ओझं बैलांच्या मानेवर येतं, ती धुरजड. हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही. यमुना त्या पोराकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "बंडी उलाळ झाली तं तुहा बाप काय करते?"

"पोते पुढं सरकवते."

"मंग सरकव ना!"

पोतं कुठलं? चिखलाची गोळी. ती नाकाला चिकटवायची. गोळी मोठी झाली की विमान नाकावर आपटे, म्हणजे धुरजड. मग थोडी काढायची. पंख म्हणजे बंडीचा आख, त्याच्या पुढंमागं ओझं तोललं पाहिजे, हे त्या वर्गाला एका सकाळी समजलं. मी शेजारच्या वर्गात पाढे घेत होते. माझ्या वर्गातलं एकही पोर माझ्याकडे बघत नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी शेवटचा तास विमानांचा झाला. तिचे नियम थोडे होते पण पक्के होते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गोळी बदलली तर पंखाला हात लावायचा नाही. बदललेलं विमान एकदा फेकून निकाल द्यायचा नाही. वारा असतो, हात चुकतो, पुन्हा फेकायचं. हा नियम मला इतका आवडला की मी स्वयंपाकघरातही लावला, आणि आमच्या वरणाला कोणत्या हळदीनं वास येतो ते शोधून काढलं. या तासातलं माझं काम व्यवस्थेचं. काटे मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे, कारण एक काटा कमी भरला तर तो नक्की कुणाच्या तरी तळपायात सापडायचा. यमुना मला चिडवत असे. "सुमे, सगळं सामान तू देतं. एक विमान बनव ना वं."

"मला वेळ नाही."

"वेळ हाये तुले. पडायचं भेव हाये."

माझ्याकडे मोजायचे काटे असत.

पुढच्या वर्षी तिनं हवाई छत्र्या काढल्या. कापडाचा चौकोन, चार दोरे आणि खाली टमाटा. शाळेच्या शेजारच्या धाब्यावरून, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावरून, सोडायचा. टमाटा फुटला नाही तर छत्री जमली. टमाटे आणले होते सिंधूनं, काशीबाईच्या मुलीनं. काशीबाईंचा भाजीपाल्याचा मळा, बाजाराच्या दिवसाची टोपली भरून ठेवलेली, आणि पोरगी ती टोपलीच घेऊन शाळेत आलेली. पहिले सगळे टमाटे फुटले. भिंतीवर, ओट्यावर, मारुतीच्या देवळाकडं जाणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या धोतरावर. काशीबाई आल्या तेव्हा आवाज आधी पोचला.

"काऊन वं मास्तरीण! पोरगी शाळेत पाठवली का चटणी कुटाले? माहा टोपलंभर माल फोडला! आन पोरगी धाब्यावर चढून राह्यली, सारा गाव खालून पाहून राह्यला!"

यमुना शांतपणे म्हणाली, "काशीबाई, एक राह्यला हाये. थो पाहून घ्या, मंग बोला."

सिंधूनं मध्ये भोक पाडलेली छत्री सोडली. मध्ये भोक पाडलं की छत्री झुलत नाही, हे तिनं स्वतः शोधलं होतं. टमाटा झुलला नाही, हळूहळू उतरला आणि धुळीत बसला. अख्खा. काशीबाईंनी तो उचलला, पदराला पुसला आणि फिरवून फिरवून पाहिला. "एक वाचवाले टोपलंभर फोडले," असं म्हणून त्या तो घेऊन गेल्या. पोरीला मात्र खाली उतरवलं नाही. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

मग तपासणी आली. साहेब जीपमधून आले. हेडमास्तरांनी आदल्या दिवशी यमुनेला बजावलं होतं, "यमुनाबाई, चांगली उडणारी तेवढी दोन-चार दाखवा." ती म्हणाली, "बरं." तिचं 'बरं' मला माहीत होतं. साहेब पडवीत खुर्चीवर बसले, पुढ्यात पोह्यांची बशी. यमुनेनं वर्गाला रोजचाच प्रश्न विचारला, "कोणाचं पडलं?"

हा तिचा शनिवारचा पहिला प्रश्न असे. कोणाचं उडालं, असं तिनं कधी विचारलं नाही. ज्याचं पडलं त्यानं पुढं यायचं आणि का पडलं ते सांगायचं, मग बाकीच्यांनी बोलायचं. त्यामुळं तिच्या वर्गात पडलेलं विमान घेऊन हात वर करायला भांडणं होत. त्या दिवशीही झाली. सिंधू पुढं आली. तिचं विमान वर गेलं, उभं राहिलं आणि शेपटावर आलं. तिनं गोळी वाढवली. दुसऱ्या वेळी ते थेट साहेबांच्या पोह्यांत घुसलं. हेडमास्तरांनी डोळे मिटले. सिंधूनं विमान उचललं, नाकाचे पोहे झटकले आणि म्हणाली, "साहेब, आधी उलाळ होतं. गोळी जास्त झाली तं धुरजड झालं. आता अर्धी काढतो."

साहेब म्हणाले, "ही काय भाषा आहे? विमान आहे की बैलगाडी? आणि न उडणारी विमानं बघायला मला बोलावलंत का, बाई?"

"साहेब," यमुना म्हणाली, "उडालेलं विमान लेकराले काई सांगत नाई. पडलेलं सांगते."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडं कितीतरी शाळा होत्या, बहुतेकांत पोरांना धड लिहिता येत नव्हतं, आणि आमच्याही पोरांचं अक्षर दिव्यच होतं. त्यांनी शेऱ्यात लिहिलं की हा तास शुद्धलेखनाला आणि पाढ्यांना द्यावा. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित हेच लिहिलं असतं. पण ते तिसऱ्या फेकीला थांबले नाहीत. जीप वळणावर गेली तेव्हा सिंधूनं विमान पुन्हा सोडलं. ते पटांगण ओलांडून, झेंड्याच्या खांबाच्या बाजूनं, चिंचेपर्यंत सरळ गेलं. सगळी पोरं मागून धावली. यमुना जागची हलली नाही. "थांबले असते तं बरं झालं असतं..." ती म्हणाली. "पन आपण त्यायच्यासाठी कुठं केलं होतं?"

हेडमास्तरांनी तास बंद केला. यमुनेनं वाद घातला नाही. शुद्धलेखन घेतलं, कडक घेतलं. आणि त्याच संध्याकाळी सरपंच नामदेवरावांच्या ओसरीवर जाऊन बसली. शाळेच्या कुंपणाला लागून गावचा जुना कोंडवाडा होता. दगडी भिंती, वर पत्रा, बाभळीच्या तुळया, भिंतीत जनावरं बांधायच्या कड्या. ग्रामपंचायतीनं नवा कोंडवाडा वेशीबाहेर बांधला होता आणि हा ओस पडला होता. शनिवारी शाळा सकाळची. ती सुटल्यावर पोरं कुठं जातात हे विचारायचा अधिकार ना हेडमास्तरांना होता, ना साहेबांना.

"बाई, थे चुकार ढोरायची जागा हाये," नामदेवराव हसून म्हणाले.

"माहे बी चुकारच हायेत, सरपंच," ती म्हणाली आणि कुलपाची किल्ली घेऊन घरी आली. कमरेला लावायची म्हटली तर कंबर वाकेल एवढी किल्ली. मी शेण-मातीनं जमीन सारवून घेतली, कोनाडे झाडले आणि कशाला कुठं ठेवायचं ते ठरवून दिलं. तिनं ते आठवड्यात विस्कटलं.

पण एक गोष्ट तिनं कधी विस्कटू दिली नाही. उडालेलं विमान पोरानं घरी न्यायचं. ज्याचं काही केल्या उडालं नाही ते तुळईला टांगायचं. टोकाला बेचकं असलेली एक लांब काठी तिनं त्यासाठीच ठेवली होती. दोऱ्याचा फास बेचक्यात अडकवायचा, काठी वर करायची आणि तुळईच्या खिळ्यात सोडायचा. नव्या वर्षीची पोरं आली की ती त्यांना खाली आडवं पडायला लावी. सगळा वर्ग जमिनीवर पाठ टेकून छताकडं बघत पडलेला, आणि वर न उडालेल्या विमानांचा थवा वाऱ्यानं गरगरत असलेला. "सांगा," ती म्हणे, "थ्या लाल पंखाच्याचं काय चुकलं असंल?" जुन्या पोरांच्या चुकीवर नवी पोरं बोलत, तीच चूक सोडून पुढची करत. हायब्रीड ज्वारी आली तेव्हा धांडे आखूड झाले. मग पंख दोन तुकड्यांत जोडायची वेळ आली, आणि जोडावर मोडलेल्या विमानांची एक नवी रांगच छताला लागली. ते छत म्हणजे त्या खोलीतला फळा होता. मला हे समजायला उशीर लागला. मी बरीच वर्षं ती जळमटं समजून दिवाळीला झाडायला निघत असे, आणि ती दारात आडवी उभी राहत असे.

यंदा माणूस चंद्रावर उतरला. सरपंचांच्या रेडिओभोवती गाव जमलं होतं, आणि बातमी संपली तशी माणसं जणू यमुनेनंच त्याला चंद्रावर पाठवलं असावं तशी तिच्याकडं वळली. "बाई, तुमचं खरं निघालं!" कुणीतरी म्हणालं. ती कोपऱ्यात उभी होती. "किती डाव पडले असतील," ती मला हळूच म्हणाली, "थे काई सांगून नाई राह्यला रेडिओ."

आता सध्याची गोष्ट. यमुना गेली, शोकसभा झाली. सरपंच मनापासून बोलले. मग त्यांनी दोन ठराव मांडले. एक, यमुनाबाईंचा मोठा फोटो शाळेत लावावा. दोन, सोसायटीचं खत ठेवायला जागा नाही, पोती भिजतात, रस्त्याला लागून कोंडवाडाच तेवढा आहे, तो आता रिकामा करून घ्यावा. टाळ्या दोन्हींना पडल्या.

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडं गेले. गावातल्या मोकळ्या जागा मी लिहून नेल्या होत्या : चावडीची मागची खोली, धर्मशाळेची अर्धी बाजू, जिनिंगची बंद शेड. सरपंचांनी कागद वाचला. "बाई, तुमचं सगळं लिहून तयार असते," ते म्हणाले. "पन तिथं बंडी जात नाई. पोते कोण वाहीन?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. पोती भिजली तर नुकसान गावाचंच. मग ते समजुतीनं म्हणाले, "असं करा, त्यातली चांगली चांगली दोन-चार विमानं काढा. शाळेच्या कपाटात ठेवू, फोटोखाली."

"सरपंच, तिथं चांगलं एकही नाही," मी म्हटलं. "उडालेली सगळी पोरांच्या घरी आहेत. त्या खोलीत आहेत ती फक्त पडलेली."

"मंग पडलेल्याचं काय करता?"

मला यमुनेसारखं बोलता येत नाही. मी एवढंच म्हटलं की किल्ली माझ्याकडं आहे आणि ती मी देत नाही. फोटोचंही मी त्यांना सांगितलं. तिचा एकच फोटो आहे, चिखलीच्या फोटोवाल्यानं काढलेला शाळेचा ग्रुप. त्यात सगळे समोर बघत आहेत आणि हिचं तोंड वर, घारीकडं. नाकपुड्या तेवढ्या आल्या आहेत. त्याला हार कसा घालणार?

विषय ग्रामपंचायतीच्या सभेत गेला. मी दाराशी उभी होते. मला बोलायचा हक्क नव्हता. एकेक जण खताच्या बाजूनं बोलला. काशीबाई दोन वर्षांपासून पंचायतीवर बायकांच्या जागेवर आहेत. त्या सभेला येतात, पदर सावरून बसतात, सही करतात आणि जातात. त्या सभेत बोलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सरपंच "मंग ठरलं" म्हणाले आणि काशीबाई उठल्या.

"काय ठरलं? माहे टमाटे कुठं गेले?"

सरपंचांनी वर बघितलं. "कोणते टमाटे, काशीबाई?"

"टोपलंभर! थ्या मास्तरणीनं फोडले. मी तवा काई मांगलं नाई. त्या टमाट्यावर पोरगी शिकली, आता चिखलीले मॅट्रिकले हाये. थ्या खोलीत माहा हिस्सा हाये. खत ठेवाचं असंल तं आधी माहे टमाटे आणून द्या. तेच. नवे नाई."

कुणीतरी हसलं. काशीबाई हसल्या नाहीत, बसल्याही नाहीत. सगळ्यांना चहा आला तरी त्या उभ्याच होत्या. शेवटी सरपंचांनी विषय पुढच्या सभेवर टाकला. बाहेर पडताना त्या माझ्याजवळ थांबल्या. "खोली ठेवली तं उघडा बी लागते, बाई," म्हणाल्या. "बंद कोंडवाडा कोण ठेवू देईल?"

त्यांचं बरोबर होतं. यमुना गेल्यापासून ते कुलूप मी काढलं नव्हतं.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी खामगावहून आणलेली पिशवी तशीच उचलली आणि कोंडवाडा उघडला. पोरं दारात उभी. वारा आत शिरला तशी वरची सगळी विमानं हलली. बेचक्याची काठी कोपऱ्यात होती, तिच्या बेचक्यात दोऱ्याचा एक तुकडा अजून अडकलेला. मी काटे मोजून दिले, कागद वाटला. मग पुढं काय करायचं मला माहीत नव्हतं. मी विमानं शिकवलेली नाहीत. मला एक प्रश्न तेवढा येत होता, तोच विचारला.

"कोणाचं पडलं?"

पोरं एकमेकांकडं बघू लागली. चौथीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आज तं बनवलंच नाई अजून कोणी." आणि मग, "तुमी बनवा ना."

मी बसले. साल सोलली, गाभा तोडला, कामट्या वाकवल्या. कागद सरळ, कोपरे सारखे, माझ्या सवयीप्रमाणं अगदी नीटनेटकं. खोलीतलं सगळ्यात सुबक विमान ते असेल. पटांगणात जाऊन मी ते सोडलं. त्यानं नाक वर केलं, क्षणभर माझ्याकडं बघितलं असं वाटलं, आणि शेपटावर पडलं. पुन्हा सोडलं, पुन्हा पडलं. त्या मुलीनं ते उचलून आणलं आणि यमुनेच्याच सुरात विचारलं, "कोणाचं पडलं?"

मी हात वर केला. "माझं," मी म्हटलं. "उलाळ झालं."

शनिवारभर ते उडालं नाही. संध्याकाळी पोरांनीच फास केला, काठी वर केली आणि यमुनेच्या थव्यात माझं विमान टांगलं. पुढच्या सभेत खोली मागायला जे येतील त्यांनी आधी ते खाली काढावं. पण माझं काम अजून संपलेलं नाही. पुढच्या शनिवारी मी फक्त गोळी बदलणार आहे, पंखाला हात लावणार नाही.